बिनदोऱ्याची किल्ली

हाडांच्या वॉर्डाबाहेरचा बाक चांगला लांबलचक होता. घरची चार माणसं त्यावर बसली होती आणि तरी मधे आणखी चार मावतील एवढी जागा रिकामी होती, यावरून काय ते ओळखा. एका टोकाला मास्तर आणि त्यांची बायको, थोरली. दुसऱ्या टोकाला तिची जाऊ धाकटी, एकटी, पर्स पोटाशी धरून. मधे मास्तरांची बहीण, पोरांची आत्या. मास्तर आणि मिस्त्री या दोन भावांच्या मधे बसायचं हे काम त्यांचे वडील, आप्पा, गेल्यापासून आत्याकडे आलं होतं आणि त्याला ना पगार होता ना सुट्टी.

काचेच्या दारापलीकडे, एका पडद्याच्या दोन बाजूंना, घरातली दोन पोरं पडली होती. मास्तरांची पिपाणी आणि मिस्त्रीचा गब्बू. लहानपणी ही रडायला लागली की गल्लीतल्या सायकली बाजूला व्हायच्या, म्हणून ती पिपाणी. तो जन्मला तेव्हा गब्दुल होता म्हणून गब्बू. आता वाढून काठीसारखा झाला तरी नाव काही सुटलं नाही. दुपारी शाळा सुटल्यावर या दोघांनी आपल्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या कार्यालयातून जुन्या पांढऱ्या गाडीची किल्ली उचलली, आणि घरात कुणाला पत्ता लागायच्या आत ती गाडी उतारावरच्या रंगाच्या कारखान्याच्या भिंतीवर आदळली. परवान्याचं वय दोघांपैकी एकाचंही नव्हतं.

जिवावरचं हाडावर निभावलं होतं. गब्बूच्या उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके पडले होते. पिपाणीचा ओठ फाटला होता आणि उजवी टाच फुटली होती. दोघंही शुद्धीत होती. पाणी हवंय, उजेड डोळ्यांवर येतोय, सगळं सांगत होती. गाडी कोण चालवत होतं एवढं विचारलं की मात्र दोघांच्याही तोंडाला कुलूप.

"संध्याकाळी पोलीस येणार आहेत जबाब घ्यायला," मास्तर म्हणाले. "त्याआधी आपल्याला कळायला हवं."

"कळायचंय काय त्यात," थोरली म्हणाली. "माझी पोरगी आपणहून किल्लीला हात लावणारी नाही. कुणीतरी चल म्हटल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर पडत नाही."

"कुणीतरी म्हणजे कोण, ताई?" पलीकडच्या टोकावरून आवाज आला.

"मी नाव घेतलं का?"

"घ्या ना. आत दोघंच तर आहेत."

"अगं, पोरं आत पडलीयेत," आत्या म्हणाली, "आणि तुम्ही बाहेर काय मांडलंय हे?"

थोरली गप्प झाली, पण हातात हुकमाचा पत्ता असलेलं माणूस गप्प बसतं तशी. नर्स पिपाणीचे कपडे बदलत होती तेव्हा तिने बघायचं ते बघून घेतलं होतं. सीटच्या पट्ट्याचा लाल वळ पोरीच्या डाव्या खांद्यावरून खाली उतरला होता. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूलवर संसार केलेल्या बाईला एवढं कळतं. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डावीकडून येतो तो शेजारी बसलेल्याचा. थोडा वेळ तिने हे पोटात ठेवलं आणि मग तिच्याने राहवलं नाही.

"वळ डाव्या खांद्यावर आहे तिच्या," ती म्हणाली. "आणि त्याचं हाड कुठलं मोडलंय? उजवं. मी काही बोलत नाही. हाडंच बोलतायत."

धाकटीने मान खाली घातली. तिनेही गब्बूचा खांदा पाहिला होता आणि तिलाही कळलं होतं. आपला पोरगा चालवत होता. म्हणजे संध्याकाळी जबाबात त्याचं नाव येणार, आणि उद्यापासून घरात सकाळ-संध्याकाळ हेच ऐकावं लागणार की मिस्त्रीच्या पोराने मास्तरांच्या पोरीचा पाय मोडला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ज्याने केली त्याच्या घरात दोन जावा नक्की असणार.

तेवढ्यात दार ढकलून नर्स बाहेर आली. "खांदा मोडलाय त्या मुलाची आई कोण?"

धाकटी उठली. "मी. काय झालं?"

"घाबरू नका, पाय ठीक आहेत त्याचे. पण तो सारखा पायांचंच बोलतोय. मी पाय काढून घेतले, मी पाय काढून घेतले. टाके घालतानाही तेच चाललं होतं. म्हटलं तुम्हाला विचारावं, आधी पायाला काही लागलेलं आहे का त्याच्या?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आधी काही नाही."

नर्स आत गेली. परक्या माणसाला त्या वाक्यात काही दिसलं नसतं, पण या घरात दिसलं.

मास्तरांची शिकवायची एक पद्धत होती आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. नवशिका घाबरला की ब्रेक समजून दुसरंच काहीतरी दाबतो आणि मग भिंत काय नि म्हैस काय, त्याला सगळं सारखंच. म्हणून पहिल्या दिवशी, गाडी सुरू करायच्याही आधी, मास्तर एकच गोष्ट घोटून घ्यायचे. मी 'सोड' म्हटलं की दोन्ही पाय उचलायचे. विचार करायचा नाही, का म्हणून विचारायचं नाही, पाय वर. पुढचं मी बघतो. घरच्या पोरांना तर हे बाळगुटीबरोबरच मिळालं होतं. जेवताना मास्तर मधेच 'सोड' म्हणायचे आणि टेबलाखालचे सगळे छोटे पाय वर व्हायचे. ज्याचे राहायचे त्याला ताटं उचलावी लागायची.

"त्याने पाय काढले," धाकटी हळू आवाजात म्हणाली. ती अजून उभीच होती. "उगाच कशाला काढेल? 'सोड' म्हटल्याशिवाय कोण पाय काढतं आपल्याकडे?"

थोरलीने वर पाहिलं.

"शेजारी कोण बसलं होतं, ताई? तुम्हीच सांगितलंत ना आत्ता? वळ डाव्या खांद्यावर." धाकटीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त झोंबणारं होतं. "म्हणजे शिक्षकाच्या जागेवर तुमची पोरगी होती. ती 'सोड' म्हणाली. माझ्या पोराने शिकवल्याप्रमाणे पाय काढले. मग ब्रेक कुणी मारायचा होता?"

"म्हणजे तिने मुद्दाम...?"

"मी कुठे म्हटलं मुद्दाम? मी काही बोलत नाही. हाडंच बोलतायत."

आत्याने दोघींकडे पाहिलं नाही. ती मास्तरांकडे पाहत होती. एरवी आपल्या पद्धतीबद्दल कुणी अर्धं वाक्य बोललं तर हा माणूस नाकाने कांदे सोलत तासभर बोलला असता. आज त्यांच्या शिकवण्याची, त्यांच्या पोरीची, दोन्हींची लक्तरं निघत होती आणि ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खिडकीतून दिसत होती ती फक्त रुग्णवाहिकांची रांग. आत्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा पहिल्यांदा.

हाडांच्या डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा सगळे उभे राहिले. डॉक्टरांनी बोटाने स्वतःच्याच टाचेकडे खूण केली.

"उद्या सकाळी ऑपरेशन करू. पट्टी आणि स्क्रू बसतील. चालेल ती, काळजी करू नका, पण वेळ लागेल. पळणं वगैरे बरंच नंतर."

"टाचच कशी हो फुटली?" थोरलीने विचारलं. "बाकी पायाला तर खरचटलंही नाही."

"हे हाड असं फुटतं ते उंचावरून उडी मारल्यावर. किंवा मग पाय पूर्ण ताकदीने खाली रोवलेला असताना धक्का बसला तर. तिने पाय जमिनीवर दाबून धरला होता. सगळा जीव एकवटून, म्हणा ना."

डॉक्टर गेल्या. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यासकट ती धाकटीकडे वळली.

"ऐकलंस? दाबला होता तिने. हाड फुटेपर्यंत दाबला होता."

"मग गाडी का नाही थांबली?"

"ते तुझ्या नवऱ्याला विचार. गाड्या कोण बघतं आपल्याकडे?"

संशयाचं असंच असतं. एका घरातून उठवलं की शेजारच्या घरात जाऊन पथारी पसरतो.

गाड्या मिस्त्री बघत होता. थोरल्याने शिकवायचं आणि धाकट्याने गाड्या सांभाळायच्या, ही वाटणी आप्पांनी करून दिलेली. आणि गाड्यांच्या किल्ल्या आत्याच्या टेबलामागच्या फळीवर, खिळ्यांना. तिथेच एका खिळ्याला लाल दोऱ्याचं रीळ. कुठल्याही गाडीची शिक्षकाच्या बाजूची पॅडल दुरुस्तीसाठी काढली की काढणाऱ्याने त्या गाडीच्या किल्लीला लाल दोरा बांधायचा. परत बसवली की सोडायचा. हा आप्पांचा नियम. त्यामुळे या घरात गाडीत बसताना कुणी खाली वाकून बघत नसे, पाय घालून चाचपतही नसे. किल्ली बघायची. दोरा नाही ना, मग बस.

आत्या मनातल्या मनात फळीपुढे जाऊन उभी राहिली. आज सकाळी तिनेच फळी पुसली होती. पांढऱ्या गाडीची किल्ली आपल्या खिळ्याला होती आणि तिला दोरा नव्हता. तेवढी तिची खात्री होती. पण मग शनिवार आठवला. शनिवारी मास्तर म्हणाले होते, पांढरीच्या पुढच्या चाकातून आवाज येतोय, जरा फेरी मारून बघतो. आणि गेले ते दिवेलागणीला परतले. चाकाचा आवाज बघायला घरात मिस्त्री बसला असताना मास्तर स्वतः कशाला गेले? मास्तरांना टायरमधली हवासुद्धा मिस्त्रीच भरून देतो. तेव्हा तिला हे विचारावंसं वाटलं होतं. मग फोन वाजला आणि राहून गेलं.

मिस्त्री जिना चढून आला तो कामाच्या कपड्यांतच. क्रेनने गाडी त्याच्याच वर्कशॉपच्या दारात आणून टाकली होती आणि पोरांना डोळ्यांनी बघून तो तिकडे गेला होता. हात धुतलेले होते पण नखांत काळं होतं. आल्या आल्या त्याने विचारलं, "कशी आहेत?"

"ऑपरेशन आहे तिचं उद्या," थोरली म्हणाली. "टाच फुटलीय. ब्रेक दाबून दाबून फुटलीय. तुझा ब्रेक."

मिस्त्री बाकाच्या मधल्या रिकाम्या जागेत बसला.

"शिक्षकाच्या बाजूला ब्रेक नाहीच आहे, वहिनी," तो म्हणाला. "दोन्ही पॅडल नाहीत. तुटलेली नाहीत, काढलेली आहेत. भोकांना रबरी बुचं बसवून वरून पायपुसणं टाकलंय. तिने पाय मारला तो पत्र्यावर."

खिडकीपाशी मास्तरांची पाठ होती. ती हलली नाही.

"काढलेली?" धाकटी म्हणाली. "कुणी काढली?"

"मी नाही काढली."

"तुझ्याशिवाय घरात पान्याला हात कोण लावतं?" थोरली म्हणाली. "काढून ठेवली असशील आणि विसरला असशील."

"मी काढली असती तर दोरा बांधला असता."

"तोच विसरलास."

"दोरा मी विसरत नाही, वहिनी."

"रोज शेकडो कामं करणारा माणूस आहेस तू, विसरू शकतोस. नुसतं हो म्हण. कुणी फासावर देत नाही तुला. पण पोरीने काही केलेलं नाही एवढं तरी कळू दे सगळ्यांना."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं, आधारासाठी. धाकटीच्या चेहऱ्यावर त्याला आधार दिसला नाही. तिथे प्रश्न होता.

"खरं सांगा," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "घाईत काढून ठेवली नाहीत ना? त्या बॅंकेवाल्याची गाडी आली होती तेव्हा?"

लग्नाला वीसेक वर्षं होत आलेल्या बायकोने हे विचारल्यावर माणूस काय बोलणार. मिस्त्रीचे डोळे भरून आले आणि त्याने ते बाहीने पुसले, तेलकट बाहीने, त्यामुळे गालावर काळा पट्टा उठला. कुणाला त्याचं हसू आलं नाही.

"दादा," तो खिडकीकडे बघून म्हणाला, "तुला तरी माहितीय ना मी विसरत नाही?"

मास्तर वळले. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मी चहा घेऊन येतो सगळ्यांना," ते म्हणाले.

चहाचं यंत्र जिन्याच्या कोपऱ्यात होतं. मास्तरांनी बटण दाबलं, कप ठेवायला विसरले आणि चहा जाळीतून खाली वाहून गेला. मागून आत्या आली. तिने कप ठेवला.

"शनिवारी गाडी कुठे नेली होतीस, दादा?"

मास्तरांनी दुसऱ्या कपासाठी बटण दाबलं. पण लहानपणापासून तिच्यापुढे त्यांचं कधी काही लपलं नव्हतं. आप्पांच्या खिशातली सिगारेट असो की थोरलीची पहिली चिठ्ठी.

"गिऱ्हाईक आलं होतं," शेवटी ते म्हणाले. "पांढरीला. त्याला साधी गाडी हवी होती, शिकवणीची नको. पॅडल काढून द्या म्हणाला, तर घेतो. पलीकडच्या पेठेत एकाकडून काढून घेतली."

"मिस्त्रीला न सांगता."

"त्याला सांगितलं असतं तर दिली असती का त्याने? आप्पांनी घेतलेली शेवटची गाडी. तिचा एकेक स्क्रू त्याने तीनदा बदललाय पण गाडी बदलू देत नाही. दर दोन दिवसांनी ती बंद पडते, शिकणारी पोरं हसतात. सौदा पक्का झाला की सांगणार होतो मी."

"आणि दोरा?"

मास्तर यंत्राकडे पाहत राहिले. शनिवारी संध्याकाळी फळीसमोर उभं राहून त्यांनी रीळ हातात घेतलं होतं. दोरा दाताने तोडलाही होता. मग मनात आलं, सकाळी मिस्त्री येणार, दोरा बघणार आणि विचारणार, पॅडल कुणी काढली? चार दिवसांचा तर प्रश्न होता. पांढरी तशीही आठवडाभर शिकवणीला लावलेली नव्हती. त्यांनी दोरा खिशात टाकला. तो अजून त्याच विजारीच्या खिशात होता, आणि ती विजार आज त्यांच्या अंगावर होती.

"बांधला नाही," ते म्हणाले.

आत्याने डोळे मिटून घेतले. "आणि मघाशी तो तिथे बसून रडला तेव्हा तू चहा आणायला निघालास."

"हळू बोल. संध्याकाळी पोलीस येतायत. शाळेच्या मालकानेच पॅडल काढली आणि सांगितलं नाही, असं झालं तर शाळा बंद होईल. त्याच्याकडून चूक झाली म्हटलं तर दंडावर भागेल. मिस्त्रीला मी नंतर समजावीन. तो ऐकतो माझं."

"ऐकतो, म्हणूनच तर." चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्याशाने वर म्हणायचं, सुळी छान आहे हो. आत्याच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण ती बोलली नाही. ती आयुष्यभर बोलली नव्हती, म्हणून तर ती मधे बसू शकत होती. "दादा, मी तुला काही सांगत नाही. तू फक्त आत जा. तुझी पोरगी एवढा वेळ गप्प का आहे ते तिला विचार. चहा मी नेते."

पिपाणी छताकडे पाहत होती. पाय पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवला होता. ओठ सुजल्यामुळे ती सावकाश, एकेक शब्द सांभाळून बोलत होती.

"बाबा, पोलिसांना मी सांगणार आहे. 'सोड' मीच म्हणाले. गब्बूची काही चूक नाही. त्याला ओरडू नका."

"कुणी ओरडत नाहीये. काय झालं ते सांग."

"शिकवणीच्या मैदानाला कुलूप होतं, म्हणून उताराच्या रस्त्याने गेलो. तो छान चालवत होता, मला पाय हलवावाच लागला नाही. दोघांची दप्तरं माझ्या मांडीवर होती. कारखान्याच्या फाटकातून टेम्पो उलटा बाहेर आला. मी 'सोड' म्हटलं. त्याने लगेच सोडलं, बाबा. एकदम बरोबर सोडलं." तिने पट्ट्यांतल्या पायाकडे पाहिलं. "आणि मला ब्रेक सापडला नाही. मी पाय मारला पण तिथे काहीच नव्हतं. डोळे मिटूनही सापडतो मला. आजच चुकला. गब्बूच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तो मला म्हणाला, तू आहेस ना म्हणून मी सोडलं. मी काय सांगू त्याला?"

म्हणून पोरगी गप्प होती. ती कुणाला वाचवत नव्हती, तिला लाज वाटत होती.

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी ते कधी ना कधी ऐकवलं होतं, आणि आज त्याने सगळंच भागणार होतं. शाळा वाचणार होती, झाकली मूठ झाकलेलीच राहणार होती, मिस्त्रीचंही नाव घ्यावं लागणार नव्हतं.

"होतं असं, बाळा," ते म्हणाले. "घाबरलं की पाय चुकतो. मोठमोठ्यांचा चुकतो."

पिपाणीने मान हलवली. तिने ते लगेच मानलं, कारण सांगणारे मास्तर होते. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं आणि ती म्हणाली, "मी परत कधी शिक्षकाच्या जागेवर बसणार नाही, बाबा. कुणाचा तरी जीव जाईल माझ्यामुळे."

"तिचा पाय नाही चुकला," पडद्यापलीकडून गब्बूचा आवाज आला. "मोठे बाबा, मी बघितलं. बरोबर जागी मारला होता. मी तिला सारखं सांगतोय, ती ऐकत नाही. तुम्ही तरी सांगा."

मास्तरांचा हात पोरीच्या केसांत थांबला. मागे दार उघडल्याचा आवाज झाला. आत्या सगळ्यांना घेऊन आली होती. एका वेळी दोघांनाच सोडतात असं नर्स मागून सांगत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. थोरली पोरीच्या पायाशी उभी राहिली, धाकटी पडद्याकडे गेली, मिस्त्री दारातच थांबला.

ते सगळे येण्याआधी सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. आता सोपं काही राहिलं नव्हतं. मास्तरांना एवढं कळत होतं की ही पोरगी आयुष्यभर स्वतःच्या पायाला दोष देत चालणार, लंगडत नसली तरी लंगडत चालणार, आणि आपण शेजारून चालत राहणार.

"पाय चुकला नाही," ते म्हणाले. "ब्रेक नव्हताच तिथे. मी काढून घेतला होता."

पिपाणी त्यांच्याकडे पाहत राहिली.

"पण दोरा नव्हता, बाबा. मी किल्ली बघूनच घेतली होती."

"मी बांधला नाही. गाडी विकायची होती. काकाला कळू नये म्हणून नाही बांधला." त्यांनी खिशात हात घातला आणि तो लाल तुकडा चादरीवर ठेवला, तिच्या हाताजवळ. "संध्याकाळी पोलिसांनाही हेच सांगणार आहे. तुझं काही चुकलं नाही. गब्बूचं नाही, काकाचं नाही."

"मघाशी बाहेर मी त्याला काय काय बोलले," थोरली म्हणाली. "मला बोलू दिलंत तुम्ही."

धाकटीने पडद्याच्या कडेला धरून ठेवलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या गालावर अजून तो तेलाचा पट्टा होता. ती त्याच्याजवळ गेली आणि पदराने तो पुसायला लागली. तो काही निघेना. मिस्त्रीने तिला पुसू दिलं पण तिच्याकडे पाहिलं नाही.

पिपाणीने दोऱ्याला हात लावला नाही. ती वडिलांच्या पलीकडे, दाराकडे बघत होती.

"काका."

"काय गं?"

"माझं वय झालं की मला तू शिकवशील? गाडी?"

मास्तर तिच्या उशाशीच बसले होते. गावात चार चाकांवर फिरणाऱ्या निम्म्या माणसांनी त्यांच्या शेजारी बसून पहिला गियर टाकला होता, आणि आपल्या पोरीला पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर नेण्याचा दिवस त्यांनी ती रांगत होती तेव्हापासून मनात जपून ठेवला होता.

मिस्त्रीने भावाकडे पाहिलं. खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते.

"शिकवीन," तो म्हणाला. "पण एक करायचं. किल्ली बघून बसायचं नाही. दोरा असो नसो. आधी वाकायचं, हाताने चाचपायचं, पॅडल आहे का बघायचं, मग बसायचं."

"तुझ्या गाडीतसुद्धा?"

मिस्त्रीने चादरीवरच्या लाल दोऱ्याकडे पाहिलं.

"माझ्यासुद्धा," तो म्हणाला.